अनेकान्त आणि विज्ञानाचा तास

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डेटन नावाचे एक लहान गाव आहे. १९२५ सालच्या मे महिन्यात तेथील एका औषधांच्या दुकानात गावातील काही प्रतिष्ठित मंडळी चर्चेला बसली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याने 'बटलर कायदा' संमत केला होता. मनुष्याच्या दैवी निर्मितीची बायबलमधील कथा नाकारून मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकविणे या कायद्याने गुन्हा ठरविले होते. जो शिक्षक या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यास पुढे येईल त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जाहिरात नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या एका संघटनेने दिली होती. डेटनच्या मंडळींनी विचार केला, की हा खटला आपल्याच गावात उभा राहिला तर गावाचे नाव होईल आणि मंदावलेल्या व्यापाराला चालना मिळेल. जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला बोलावणे धाडण्यात आले व त्याने आरोपी होण्यास संमती दिली. मौज अशी, की दुकानाचे मालक शाळा मंडळाचेही अध्यक्ष होते. आणि ज्या पुस्तकातून उत्क्रांतिवाद शिकविल्याचा आरोप ठेवायचा, ते सरकारमान्य पाठ्यपुस्तक त्याच दुकानात विकले जात होते!

खटला जुलैमध्ये चालला. एका बाजूला क्लॅरेन्स डॅरो हे नामांकित वकील, तर दुसऱ्या बाजूला तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले विल्यम जेनिंग्स ब्रायन. २० जुलै रोजी न्यायालयाचे कामकाज बाहेरच्या हिरवळीवर भरले आणि तेथे डॅरो यांनी प्रतिपक्षाचे वकील असलेल्या ब्रायन यांचीच साक्ष घेतली. ती उलटतपासणी जगभर गाजली. त्यामुळे डॅरो जिंकले असाच समज पुष्कळांचा आहे. पण तो खरा नाही. स्कोप्स दोषी ठरले व त्यांना शंभर डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तीही केवळ तांत्रिक कारणावरून. पन्नास डॉलरांवरील दंड न्यायाधीशांनी नव्हे, ज्युरीने ठरवावयास हवा होता. मूळ कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

पुढे १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरविली. सरकारने कोणत्याही एका धर्माची पाठराखण करू नये, हे तेथील राज्यघटनेचे तत्त्व आहे. बंदी घालता येत नाही असे दिसताच विरोधकांनी भाषा बदलली. आता मागणी समान वागणुकीची होती. उत्क्रांती शिकवायची असेल तर सृष्टिनिर्मितीचा सिद्धान्तही तितकाच वेळ देऊन शिकवा. लुइझियाना राज्याचा असा कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. तेव्हा पुन्हा नाव बदलले आणि 'बुद्धिमान रचना' हा शब्दप्रयोग पुढे आला. जीवसृष्टीची गुंतागुंत पाहता तिच्यामागे कोणी बुद्धिमान योजक असलाच पाहिजे, एवढेच म्हणायचे. तो योजक कोण हे उच्चारायचे नाही.

या नव्या नावाची परीक्षा पेनसिल्व्हेनियातील डोव्हर या गावी झाली. २००४ साली तेथील शाळा मंडळाने ठरविले, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात मुलांना एक छोटे निवेदन वाचून दाखवावे. डार्विनचा सिद्धान्त हा सिद्धान्तच आहे, त्यात उणिवा आहेत, 'बुद्धिमान रचना' हे वेगळे स्पष्टीकरण आहे आणि त्यावरील पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. शेवटी प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले. त्यांतील कित्येक स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हेही धर्मनिष्ठ कॅथलिक. धर्म विरुद्ध विज्ञान असे या झगड्याचे सोपे चित्र रंगविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

साक्षीपुराव्यातील एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष रुचेल, कारण ती जुन्या वह्या तपासण्यासारखी आहे. ग्रंथालयात ठेवलेल्या त्या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयापुढे आले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत 'सृष्टिनिर्मिती' व तिच्याशी निगडित शब्द होते. निकालानंतरच्या मसुद्यांत सुमारे दीडशे ठिकाणी त्यांच्या जागी 'बुद्धिमान रचना' आली होती, व्याख्या मात्र तीच. एके ठिकाणी तर जुना शब्द पुरता पुसलाच गेला नव्हता. त्याची अक्षरे नव्या शब्दाला दोन्ही टोकांनी चिकटून राहिली होती. वहीतली खाडाखोड कधी ना कधी बोलतेच. या पक्षाचे प्रमुख तज्ज्ञ मायकेल बीही यांना उलटतपासणीत हेही मान्य करावे लागले, की विज्ञानातील सिद्धान्ताची त्यांची सैल व्याख्या स्वीकारली तर फलज्योतिषही तिच्यात बसेल.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: 'बुद्धिमान रचना' हे विज्ञान नव्हे, आणि ते वर्गात आणणे घटनाविरोधी आहे. जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केली होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुश यांनी मुलांना दोन्ही बाजू शिकवाव्यात असे मत व्यक्त केले होते. शाळा मंडळाला पालकांच्या वकिलांपोटी दहा लाख डॉलर देणे मान्य करावे लागले. एका मिनिटाच्या निवेदनाची ही किंमत.

हे वाचून जैन वाचकाच्या मनात सहज येईल, की हा वाद आपला नव्हेच. आपण जगत्कर्ता मानत नाही. लोक अनादि-अनिधन आहे अशी आपली धारणा. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आपल्या महापुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे मोठे तर्ककठोर खंडन केले आणि कार्ल सेगन यांनी 'कॉसमॉस' या प्रसिद्ध ग्रंथात ते आवर्जून उद्धृत केले. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तही आहे.

परंतु 'दोन्ही बाजू शिकवा' हे वाक्य आपल्या कानाला मोठे गोड लागते. हाच तर आपला अनेकान्त, असे वाटू लागते. व्याख्यानांतून आणि घरोघरीच्या चर्चांतूनही 'सगळ्यांचेच थोडेथोडे खरे' असा अनेकान्ताचा अर्थ सर्रास लावला जातो. मला तो मान्य नाही. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'अमुक एका अपेक्षेने' असा त्याचा अर्थ आहे. कोणत्या नयाने बोलत आहोत हे आधी सांगावे लागते, आणि जो नय आपली मर्यादा सोडून दुसऱ्यास नाकारतो त्याला आपल्या शास्त्रकारांनी दुर्नय म्हटले आहे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण पाठशाळेत शिकवितो. त्यांतील प्रत्येकाने हत्तीला प्रत्यक्ष हात लावला होता हे मात्र सांगायचे राहते. घरी बसून हत्तीचे वर्णन करणाऱ्याला त्या गोष्टीत स्थान नाही. विज्ञानाचा तास हा एका विशिष्ट नयाचा तास आहे. जे पाहता, मोजता, पडताळता येते त्याचा. तेथे ईश्वर आहे असे सांगणे जितके अस्थानी, तितकेच ईश्वर नाही असे सांगणेही.

आणि आपल्या स्वतःच्या घराचे काय? जंबूद्वीपातील दोन सूर्य, पहिल्या आऱ्यातील तीन कोस उंचीची माणसे, हे भूगोलाच्या वा जीवशास्त्राच्या वर्गात शिकवावे काय? एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची जीवांची श्रेणी दाखवून 'डार्विनच्या आधी आम्हीच हे सांगितले' म्हणणारे वक्ते पर्युषणात हमखास भेटतात. ही श्रेणी जीवदयेचा पाया आहे. तिचे मोल त्यातच आहे. एका जातीपासून दुसरी जात उत्पन्न झाली असे ती सांगत नाही. जीवाने कर्मानुसार गती बदलणे आणि हजारो पिढ्यांत प्राण्यांच्या शरीरांत बदल घडणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकीचे शिक्के दुसरीवर मारले तर दोन्ही नाणी खोटी पडतील. देवांचे आगमन, आकाशगमन यांमुळे आपण आम्हांला महान वाटत नाही, अशा आशयाने आप्तमीमांसेचा आरंभ करणाऱ्या समंतभद्राचार्यांची परंपरा आपली आहे. तिला अशा उसन्या प्रशस्तिपत्राची गरज नसावी.

हा प्रश्न आता आपल्याकडेही आला आहे. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे सांगून अभ्यासक्रमात बदल सुचविला. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. नंतर एनसीईआरटीने अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातील उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी तो परत घ्यावा असे आवाहन केले. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असे उत्तर यावर मिळते. ते खरेच आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतो कोण? आपल्या पेढ्यांवर उद्या बसणारी बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेकडे वळतात. सीबीएसईच्या शाळेत शिकणाऱ्या अशा मुलाची उत्क्रांतीशी शाळेत नीट भेटच होणार नाही, आणि कोणी काही नाकारले हेही त्याला कळणार नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे, मराठीत आहे. सीबीएसईच्या मुलांच्या पालकांनी सुट्टीत ते मुलांसमवेत वाचावे. वाचताना मूल विचारील, की मग पाठशाळेत सांगितले ते काय? त्या वेळी 'मोठा झालास की कळेल' असे उत्तर न देता, आपण आता कोणत्या नयाने बोलत आहोत हे त्याला सांगण्याची तयारी मात्र आधी आपणच करून ठेवावी लागेल.