चीना भवनाची उलटी वाट

ह्युएनत्संग आपल्याला शाळेतच भेटतो. सातव्या शतकात तो पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असे लिहून गेला, हे वाचून दर पिढीतली मुले सुखावतात. (दोन्ही गोष्टींचा आपल्याला सारखाच अभिमान, हे विशेष.) पण हा मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला तो इंग्रजी भाषांतरांतून. शेजारच्या देशातल्या माणसाने आपल्याविषयी काय लिहिले हे कळायला आपण लंडनमार्गे गेलो. मूळ चिनी वाचणारी माणसे भारतातच तयार व्हावीत म्हणून विसाव्या शतकात जी सर्वांत मोठी खटपट झाली, ती बंगालमध्ये, शांतिनिकेतनात. तिचे नाव चीना भवन.

१४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, या भवनाचे उद्घाटन झाले. जवाहरलाल नेहरू यायचे होते, पण ते आजारी पडले. त्यांचा संदेश घेऊन कन्या इंदिरा आल्या. दोनतीन वर्षांपूर्वीच त्या इथे विद्यार्थिनी होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेले रवींद्रनाथ चीन आणि भारताच्या जुन्या नात्याविषयी बोलले. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, ७ जुलैला, पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झडली आणि युद्ध पेटले. या संस्थेच्या नशिबी शांततेचा पहिला उन्हाळासुद्धा पुरता आला नाही.

संस्था उभी राहिली ती तान युन-शान नावाच्या एका माणसाच्या चिकाटीवर. जन्म १८९८, हुनान प्रांत. चांगशाच्या ज्या अध्यापक विद्यालयात माओ शिकला, त्याच विद्यालयात हेही शिकले. पुढे नशीब काढायला आग्नेय आशियात गेले. १९२७ साली सिंगापुरात रवींद्रनाथांशी त्यांची गाठ पडली आणि पुढल्या वर्षी ते शांतिनिकेतनात दाखल झाले. आले ते चिनी शिकवायला आणि संस्कृत शिकायला. विद्यार्थी मूठभर, पुस्तके जवळजवळ नाहीत. तेव्हा तान यांनी चीनला परत जाऊन माणसे जोडली. १९३३ मध्ये नानकिंगला चीन-भारत सांस्कृतिक संघ स्थापन झाला, पुढल्या वर्षी त्याचे भारतीय भावंड जन्मले आणि त्यांच्यामार्फत चीनमधून पैसा आणि हजारो पुस्तके शांतिनिकेतनाला आली. म्हणजे आपल्या विद्यापीठातला हा विभाग दुसऱ्या देशाच्या देणगीवर बांधला गेला. हे तेव्हा कुणाला खटकले नाही, पण पुढे त्याची किंमत मोजावी लागली.

शांतिनिकेतनाला चिनी अगदीच अनोळखी होती असे नाही. विश्वभारती हे इथले रवींद्रनाथांचे विद्यापीठ १९२१ साली सुरू झाले तेव्हा पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही त्याचे पहिले पाहुणे प्राध्यापक होते आणि त्यांनी चिनी व तिबेटीचे वर्ग घेतले. त्या वर्गातून प्रबोधचंद्र बागची तयार झाले. चिनीत अनुवादित झालेल्या बौद्ध ग्रंथांवर त्यांनी पॅरिसला राहून फ्रेंचमध्ये जे काम केले, ते आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. बागची पुढे विश्वभारतीचे कुलगुरूही झाले. तान माणसे जमवणारे, बागची ग्रंथांत बुडालेले. चीना भवनाला दोघेही लागले.

आता इथे नेमके चालायचे काय? भारतात लिहिले गेलेले शेकडो बौद्ध संस्कृत ग्रंथ भारतात नष्ट झाले, पण त्यांची चिनी भाषांतरे राहिली. एकट्या ह्युएनत्संगाने ६५७ ग्रंथ चीनला नेले आणि हयातीत ७५ ग्रंथांचे भाषांतर केले. हरवलेला ऐवज शेजाऱ्याच्या घरी जपलेला आहे, तो परत आणायचा, ही चीना भवनाची मूळ प्रेरणा. पद्धत अशी: चिनी पाठ समोर ठेवायचा, त्याच ग्रंथाचे तिबेटी भाषांतर असेल तर ते शेजारी ठेवायचे आणि दोहोंवरून मूळ संस्कृत वाक्य कसे असेल ते पुन्हा रचायचे. तिबेटी भाषांतरकार शब्दाला शब्द लावत, त्यामुळे तिथून परतणे त्यातल्या त्यात सोपे. चिनीत विभक्ती नाहीत, काळ नाहीत, वचने नाहीत. श्लोकाचे पाच किंवा सात अक्षरी चरण झालेले. जुन्या पाठात विरामचिन्हे नाहीत, त्यामुळे वाक्य कुठे संपते हेही वाचणाऱ्यानेच ठरवायचे. एन. अय्यास्वामी शास्त्रींसारखे पंडित वर्षानुवर्षे हे करत बसले. हरिवर्म्याचे सत्यसिद्धिशास्त्र त्यांनी चिनीवरून संस्कृतात उभे केले.

विद्वत्ता म्हणून हे थक्क करणारे आहे, पण त्यात धोकाही आहे. असे रचलेले संस्कृत शेवटी रचणाऱ्या पंडिताचे संस्कृत असते. याची परीक्षा घेणारे एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. राहुल सांकृत्यायनांनी १९३०च्या दशकात तिबेटच्या मठांतून संस्कृत हस्तलिखितांची छायाचित्रे आणली. त्यांत असंगाच्या अभिधर्मसमुच्चयाची काही पाने होती. पुण्याच्या वासुदेव विश्वनाथ गोखल्यांनी ती वाचून १९४७ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. मग प्रल्हाद प्रधानांनी उरलेला भाग चिनी आणि तिबेटीवरून रचून १९५० साली शांतिनिकेतनातून अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अस्सल कोणते आणि जुळवलेले कोणते, हे आजचा अभ्यासक प्रत्येक पानावर तपासून घेतो. माझ्या मते ग्रंथ अर्धवट राहण्यापेक्षा असा पुरा झालेला बरा, फक्त सांधा दिसला पाहिजे.

गोखल्यांचा उल्लेख आला म्हणून सांगायचे, मराठी माणसांचा चीनशी संबंध म्हटला की आपल्याला फक्त डॉक्टर कोटणीस आठवतात. कोटणीसांचे मोठेपण वादातीत. पण १९३० साली बॉनला एका छोट्या बौद्ध ग्रंथाचे चिनीतून थेट जर्मनमध्ये भाषांतर करणारे गोखलेही आपलेच होते. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट तर पाली आणि चिनी यांच्यात पूलच बांधत होते. धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, बापट त्यांचे विद्यार्थी. कोसंबींनी आयुष्याची अनेक वर्षे विसुद्धिमग्ग या बौद्ध साधनामार्गावरच्या बुद्धघोषाच्या ग्रंथावर घालवली. त्याच विषयावरचा दुसरा जुना ग्रंथ, विमुत्तिमग्ग, पूर्ण रूपात उरला होता तो चिनीत. बापटांनी दोन्ही समोरासमोर ठेवून तौलनिक अभ्यास लिहिला आणि तो पुण्यात छापून निघाला, योगायोगाने १९३७ सालीच. पुढे त्यांनी अर्थपदसूत्राचे चिनीवरून इंग्रजी भाषांतर केले, ते १९५१ मध्ये विश्वभारतीने काढले. आणि १९७० साली जपानी विद्वान आकिरा हिराकावा यांच्याबरोबर समंतपासादिका या पाली टीकेच्या चिनी आवृत्तीचे भाषांतर भांडारकर संस्थेतून आले. एवढे काम ज्या शहरात झाले, तिथे बापटांचे नाव सांगून चेहऱ्यावर ओळख उमटेल अशी माणसे आज किती सापडतील याची शंकाच आहे.

भवनाच्या भिंती वेगळ्याच कारणासाठी पाहण्यासारख्या आहेत. १९४२च्या सुमारास नंदलाल बोसांनी इथे रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकावर भित्तिचित्र काढले आणि बिनोदबिहारी मुखर्जींनी आश्रमातले रोजचे जीवन रंगवले. त्याआधी शू पेइहुंग हा थोर चिनी चित्रकार इथे राहून गेला होता. पाहुण्यांची यादी तर गमतीची आहे. १९४२ मध्ये च्यांग काई-शेक सपत्नीक आले, १९५७ मध्ये चौ एन-लाय आले. एकमेकांचे हाडवैरी, दोघांचेही याच आश्रमात आदरातिथ्य झाले.

मात्र पाहुण्यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे चीनहून आलेले विद्यार्थी आणि अध्यापक. वू श्याओलिंग युद्धकाळात चीना भवनात शिकवायला होते. परत गेल्यावर त्यांनी मृच्छकटिक चिनीत नेले. शू फानचेंग इथून पाँडिचेरीला गेले आणि त्यांनी पन्नास उपनिषदांचा चिनी अनुवाद केला. चिन कमू सारनाथला कोसंबींच्या पायाशी बसून संस्कृत-पाली शिकले आणि पेकिंग विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले. मेघदूताचा चिनी अनुवाद त्यांचा. त्यांचे सहकारी ची श्यानलिन यांनी अख्खे वाल्मीकी रामायण चिनीत आणले, त्याचा बराच भाग सांस्कृतिक क्रांतीच्या काळात गुपचूप. या दोघांच्या हाताखाली शिकलेल्या ह्वांग पाओशंग यांच्या नेतृत्वाखाली २००५ साली संपूर्ण महाभारत चिनीत प्रसिद्ध झाले.

आपल्या बाजूच्या पारड्यात काय आहे? १९४७ मध्ये स्वतंत्र होऊ घातलेल्या भारताने काही तरुणांना पेकिंगला पाठवले. त्यांत चीना भवनात शिकलेले अमितेंद्रनाथ ठाकूर होते, अवनींद्रनाथांचे नातू. त्यांनी पुढे आधुनिक चीनमधल्या साहित्यिक वादांवर ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेत चिनी शिकवली. त्यांत वसंत परांजपेही होते. १९५४ मध्ये माओ आणि नेहरू भेटले तेव्हा दुभाषाच्या कामाला तेच होते. माणसे मोठी, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि ज्या पिढीने चिनी सर्वांत मन लावून वाचली, ती चिनीत स्वतःचे हरवलेले पुस्तकच शोधत होती. तू फूची कविता, ‘होंगलौमंग’ ही कादंबरी, लू शुनच्या कथा हे सारे तिच्या वाचनाच्या कडेला राहिले. चीनने संस्कृत शिकून आपले साहित्य घरी नेले. आपण चिनी शिकून आपलेच साहित्य घरी आणले. मला या संस्थेविषयी अपार आदर आहे, तरी हा तोल गेला होता असे म्हणावेच लागते.

तो सावरायला वेळ मिळाला असता, पण १९६२ आले. सीमेवर युद्ध झाले आणि देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. ज्यांच्या देणगीवर भवन उभे होते, ते चीनचे सरकार १९४९ मध्येच तैवानला गेले होते. नवे सरकार शत्रू ठरले. विद्यार्थी आटले. चिनी पुस्तक हातात घेऊन आगगाडीत बसायची सोय राहिली नाही. गंमत अशी की, चिनी येणारी माणसे हवीत याची जाग सरकारला त्याच युद्धाने आली, पण नवा विभाग १९६४ मध्ये निघाला तो दिल्ली विद्यापीठात. आता प्रश्न बौद्ध ग्रंथांचा नव्हता, सीमेपलीकडे काय चालले आहे हे कळण्याचा होता. तान यांचे चिरंजीव तान चुंग यांनीही दिल्लीतच चिनी अभ्यासकांच्या पिढ्या घडवल्या. तान युन-शान निवृत्तीनंतर बोधगयेला गेले आणि तिथेच १९८३ साली वारले.

आज चीना भवनात पदवीपासून पीएच.डी.पर्यंत चिनी शिकता येते. जपानीसाठी १९९४पासून शेजारी निप्पॉन भवनही आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला आधी चार सूर साधावे लागतात, मग रोमन लिपीतले उच्चार, मग अक्षरांची रेघारेघांनी घोटाई. वर्तमानपत्र वाचायचे तर दोनअडीच हजार अक्षरे डोळ्यांखालून जावी लागतात. यातून कंपनीत दुभाषाचे काम मिळते, भाषांतराचे मिळते, आणि त्यात कमीपणा काही नाही. अडचण वेगळी आहे. चीनने १९५०च्या दशकात लिपी सोपी केली आणि आजचा विद्यार्थी ती सोपी लिपी शिकतो. ग्रंथालयातली तान यांनी आणलेली जुनी पुस्तके मात्र जुन्या लिपीत, वरून खाली, उजवीकडून डावीकडे छापलेली. कपाट उघडे असूनही पदवीधर ते पुस्तक सहज वाचू शकत नाही. जुन्या चिनीचे दोन वर्षे नेटाने शिक्षण दिले तर हे अंतर तुटेल. नोकरीच्या बाजारात त्याला भाव नाही, म्हणून विद्यापीठानेच ते केले पाहिजे.

पुण्यात चिनी आणि जपानी शिकणारी तरुण मंडळी आता भरपूर आहेत. जपानी शिकणाऱ्यांना तर जुनी चिनी अक्षरे निम्मी ओळखीचीच असतात. त्यांच्यासाठी एक काम सुचवून थांबतो. सुत्तनिपाताचे कोसंबींनी केलेले मराठी भाषांतर उपलब्ध आहे. त्यातल्या अट्ठकवग्गाचे चिनी भावंड म्हणजे बापटांनी इंग्रजीत आणलेले अर्थपदसूत्र. तिसऱ्या शतकात ची छ्येनने केलेल्या त्या भाषांतरात सोळा सूत्रे आहेत आणि प्रत्येकामागे ते कोणत्या प्रसंगी सांगितले गेले त्याची कथा आहे. मूळ चिनी पाठ तैशो त्रिपिटक या चिनी बौद्ध ग्रंथसंग्रहाच्या चौथ्या खंडात १९८ क्रमांकावर असून तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. तो मराठीत आलेला माझ्या पाहण्यात नाही. कोसंबींचे मराठी एका हाताशी, बापटांचे इंग्रजी दुसऱ्या हाताशी घेऊन कुणीतरी तो थेट चिनीतून मराठीत आणावा.