शरसंधानातील चूक आणि नीती : हरणाच्या शिकारीपासून उपनगरातील भुलीच्या डार्टपर्यंत

प्रस्तावना

बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या दरम्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. या वनात चितळ व सांबर ही हरणे आहेत, आणि त्यांच्यावर जगणारे बिबटेही आहेत. उद्यानाच्या कडेला दाट लोकवस्ती असल्यामुळे एखादा वन्यप्राणी वस्तीत शिरल्याची बातमी उपनगरांना नवी नाही. अशा वेळी वनविभागाचे पथक भुलीचे औषध भरलेला डार्ट घेऊन येते. जमलेल्या लोकांचा प्रश्न एकच असतो : ‘अजून मारत का नाहीत?’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नेम कधी धरावा आणि कधी धरू नये, याचा विचार माणूस धनुष्यबाणाच्या काळापासून करीत आला आहे. हा विचार शिकारीच्या परंपरेत कसा घडला आणि आज तो डार्टच्या संदर्भात कसा लागू पडतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन कथा, तीन प्रकारच्या चुका

आपल्या महाकाव्यांत चुकलेल्या बाणाच्या तीन कथा प्रसिद्ध आहेत. विशेष म्हणजे तिन्हींत नेम अचूक लागलेला आहे. चूक नेमाची नसून निर्णयाची आहे.

रामायणात दशरथ शरयूकाठी अंधारात घागर बुडविल्याचा आवाज ऐकतो, हत्ती पाणी पीत असावा असे मानतो आणि शब्दवेधी बाण सोडतो. बाण लागतो तो श्रावणबाळाला. लक्ष्य प्रत्यक्ष न पाहता बाण सोडणे, हा येथील दोष होय. महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाचा व्याध विश्रांती घेणाऱ्या श्रीकृष्णाला हरीण समजून बाण मारतो. येथे लक्ष्य दिसले आहे, परंतु ते पूर्ण दिसलेले नाही. तिसरी कथा आदिपर्वातील पांडूची. मृगरूपात रममाण असलेल्या किंदम ऋषींना तो बाण मारतो. मरणोन्मुख ऋषीचा आक्षेप मृगयेला नाही, तो वेळेला आहे. राजाने थांबावयास हवे होते, असे त्याचे म्हणणे आहे.

न पाहता, अर्धवट पाहून आणि अयोग्य वेळी, असे दोषांचे तीन प्रकार या कथांतून हाती येतात. पुढील विवेचनात त्यांचाच आधार घेतला आहे.

धनुर्धाऱ्याची मर्यादा

अमेरिकेसारख्या काही देशांत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणे आजही कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये ते बेकायदेशीर आहे. जेथे ही शिकार चालते, तेथे नीतीचे जे संकेत रूढ झाले आहेत, त्यांमागे शरीरशास्त्र आणि भौतिकशास्त्र आहे.

बंदुकीच्या गोळीप्रमाणे बाणाचा मोठा आघात होत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. त्यामुळे हृदय व फुप्फुसे यांचा वेध घेतला तरच मृत्यू लवकर येतो. हरीण पूर्ण आडवे उभे असेल किंवा किंचित पाठमोरे तिरपे असेल, तेव्हाच हा भाग बाणाला मोकळा मिळतो. समोरून छातीचे हाड व खांदे आड येतात. थेट मागून मारलेला बाण आतड्यांत जातो आणि प्राणी कित्येक तास तडफडतो. म्हणून अशा स्थितीत बाण न सोडणे हाच संकेत आहे.

दुसरी मर्यादा अंतराची. आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने जातो, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. हरीण ३० मीटरवर असेल तर बाणाला तेथवर पोहोचण्यास सुमारे ०.३३ सेकंद लागतात. प्रत्यंचेचा आवाज मात्र ०.०९ सेकंदातच पोहोचतो. म्हणजे हरणाला जवळजवळ पाव सेकंद मिळतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते, आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पाठीवर लागतो. धनुर्धारी कितीही निष्णात असला तरी बाण सुटल्यानंतर लक्ष्य हलणार नाही, याची हमी तो देऊ शकत नाही. म्हणूनच अंतर वाढले की संयमही वाढावा लागतो.

पूर्णपणे हुकलेला बाण त्या मानाने निरुपद्रवी असतो. खरा नैतिक प्रश्न लागूनही चुकलेल्या बाणाचा आहे. अशा वेळी जखमी प्राण्याचा माग काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसांची जखम दर्शविते, काळपट रक्त यकृताची, तर हिरवट द्रव मिसळलेले रक्त पोटाची. पोटात बाण लागलेल्या प्राण्यामागे लगेच धावल्यास तो दूर पळतो व सापडत नाही. म्हणून काही तास थांबून मग माग काढतात. बाण सुटला म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे, तर ती तेथूनच सुरू होते.

भारतीय कायद्याची भूमिका

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये शिकारीस बंदी आहे. या कायद्यातील शिकारीची व्याख्या लक्षणीय आहे. प्राण्याला ठार करणे, पकडणे वा जखमी करणे यांबरोबरच ठार करण्याचा वा पकडण्याचा प्रयत्नही तीत येतो. म्हणजे हुकलेला बाणदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. माणसाच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्यासंबंधी कलम ११ मध्ये अपवाद आहे. मात्र अनुसूची १ मधील अशा प्राण्यास पकडणे, भूल देणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकास त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. अशा प्रकारे कायद्याने बाणाच्या जागी डार्ट आणला. नेमाची नीती मात्र त्यामुळे कालबाह्य झाली नाही.

डार्ट : उलटा नेम

भुलीचा डार्ट सोडणारी बंदूक न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. बाण आणि डार्ट यांचे लक्ष्य परस्परविरुद्ध आहे. धनुर्धारी ज्या छातीचा वेध घेतो, तीच छाती डार्ट सोडणाऱ्याने टाळावयाची असते. मांडीचा किंवा खांद्याचा मांसल भाग हे त्याचे लक्ष्य. दाब अंतरानुसार कमीजास्त करावा लागतो. जवळून अधिक दाबाने सुटलेला डार्ट हाड मोडू शकतो किंवा पोटात शिरू शकतो, तर कमी दाबाचा वाटेतच पडतो.

बिबट्यासाठी व हरणासाठी सामान्यतः झायलेझिन व केटामिन या औषधांचे मिश्रण वापरतात. चित्रपटात दाखवितात त्याप्रमाणे प्राणी तत्क्षणी कोसळत नाही. भूल चढण्यास काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात तो बराच दूर जाऊ शकतो. जवळ तलाव असेल तर तो बुडतो, उंचावर असेल तर खाली पडतो. डार्ट चरबीत लागला किंवा औषध अर्धेच गेले, तर अर्धवट भुलीतला बिबट्या अधिक धोकादायक ठरतो. हुकलेला डार्टही निरुपद्रवी नसतो. त्यात औषध असते, त्यामुळे तो वस्तीतील मुलांच्या हाती पडण्यापूर्वी शोधून काढावा लागतो.

हरणाच्या बाबतीत धोका आणखी नाजूक आहे. पाठलागाने व भीतीने त्याच्या स्नायूंचे तंतू नष्ट होऊ लागतात, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि वरकरणी धडधाकट दिसणारे चितळ काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. रवंथ करणारा प्राणी असल्याने भुलीत कुशीवर पडून राहिल्यास त्याचे पोट फुगते. त्याला छातीवर बसवून मान वर धरावी लागते. म्हणजे डार्ट अचूक लागूनही प्राणी दगावू शकतो. अनेकदा डार्ट न सोडता मार्ग मोकळा करून देणे, हाच सर्वांत चांगला उपचार ठरतो.

गर्दी आणि निर्णय

डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत आणि जानेवारी २०१८ मध्ये मुलुंड पूर्वेच्या नाणेपाडा भागात बिबट्या शिरला. दोन्ही ठिकाणी अनेक तासांच्या प्रयत्नांनंतर त्याला भूल देऊन पकडण्यात आले. मुलुंडमध्ये काही रहिवासी जखमी झाले. या तासांचा अर्थ दिरंगाई असा लावणे सोपे असते. वस्तुतः लक्ष्य पूर्ण दिसेपर्यंत, प्राणी स्थिर होईपर्यंत आणि त्याच्या पळण्याची वाट बंद होईपर्यंत थांबणे, हेच पथकाचे काम असते. दशरथ, जरा आणि पांडू यांनी जे केले नाही, तेच येथे करावयाचे असते.

घाईचे परिणाम यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. माणसांच्या मृत्यूंशी संबंध जोडल्या गेलेल्या ‘टी-१’ वाघिणीस प्रथम भूल देण्याचा प्रयत्न करावा आणि ते न साधल्यास मारावे, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. त्या वेळी पशुवैद्यक उपस्थित नव्हता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे नोंदविले. वाघीण धोकादायक होती की नाही, हा वेगळा प्रश्न. निर्णय कोणत्या प्रकाशात, कोणाच्या उपस्थितीत आणि किती घाईत घेतला गेला, हा नेमाच्या नीतीचा प्रश्न आहे.

उपनगरांत ही घाई बहुधा बाहेरून येते. गच्च्यांवर, भिंतींवर आणि भ्रमणध्वनी उंचावून उभ्या असलेल्या लोकांमुळे प्राणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावतो आणि पथकाला चांगला नेम मिळत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात गर्दीच्या नियंत्रणावर भर देण्यात आला, तो याच कारणाने.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शरसंधानाची नीती नेमबाजीच्या कौशल्यात नसून न सोडलेल्या बाणात आहे. जुन्या काळी हा संयम एकट्या धनुर्धाऱ्याचा होता, आज तो समूहाला पाळावा लागतो. डार्ट सोडणाऱ्याला थांबण्याचा अधिकार असतो, परंतु तो वापरण्यास लागणारा वेळ आणि मोकळी जागा त्याला इतरांनीच द्यावयाची असते.

वनाच्या सीमेलगतच्या महाविद्यालयांना यात प्रत्यक्ष काम आहे. आवारात वन्यप्राणी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, विद्यार्थ्यांना वर्गांत थांबवून दारे बंद ठेवावीत, प्राण्याच्या परतीची वाट मोकळी सोडावी आणि पथक आल्यावर प्राध्यापकांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी गर्दी दूर ठेवावी. ‘अजून मारत का नाहीत?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला चुकलेल्या बाणाच्या तीन कथा सांगता येतील. उत्तर त्यांतच आहे.