काम संपले की नाहीसा होणारा आधार

कोंबडीच्या पायाचे एक हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मधून मधून व्हिनेगर बदला. मग ते हाड वाकवून पाहा. ते रबरासारखे वाकेल! आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळून गेले आणि कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन तेवढे उरले. याउलट हाड विस्तवात चांगले भाजले, तर प्रथिन जळते. आकार तसाच राहतो, पण हाड ठिसूळ होते.

म्हणजेच हाड हा संमिश्र पदार्थ आहे. त्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. ताठपणा त्याचा, चिवटपणा कोलॅजेनचा.

मोडलेले हाड जुळवताना डॉक्टर पुष्कळदा धातूची पट्टी स्क्रूंनी बसवतात. येथे पदार्थविज्ञानाचा प्रश्न येतो. हाडाचा यंगचा गुणांक 10 ते 20 गिगापास्कल असतो, तर पोलादाचा सुमारे 200. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन दांड्यांपैकी जी ताठ, ती जास्त भार उचलते. दोहोंचा छेद सारखा आणि हाडाचा गुणांक 20 धरला, तर भाराच्या 11 भागांपैकी 10 भाग पोलाद घेईल व हाडाला एकच उरेल! भार घेणारे हाड बळकट होते आणि बसून राहणारे विरळ होते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 साली मांडले होते. शिवाय पट्टी काढायची झाली, तर रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

मग हळूहळू नाहीसा होणारा आधार का देऊ नये? दह्यातील लॅक्टिक आम्लाचे रेणू साखळीसारखे जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक मिळते. शरीरातील पाण्याने ही साखळी तुटत जाते. सुटलेल्या लॅक्टिक आम्लाचे शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होते.

परंतु या प्लास्टिकचा गुणांक जेमतेम 3 गिगापास्कलच्या आसपास. त्यातच सुटणारे आम्ल आत साठले, तर विघटनाचा वेग वाढतो आणि भोवतालच्या पेशींना त्रास होतो. यावर उपाय म्हणून त्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची बारीक पूड मिसळतात. ताठपणा वाढतो, पूड आम्लाला काही अंशी उदासीन करते आणि हाडाच्या पेशी त्यावर चांगल्या चिकटतात. याच मिश्रणाचा सच्छिद्र तुकडा बनवला, तर त्याच्या छिद्रांतून नवे हाड वाढू शकते.

यातून औषधही देता येते. जंतुसंसर्ग झालेल्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून इंजेक्शनचे औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक मिश्रणातच घातले, तर ते नेमक्या जागी कित्येक दिवस झिरपत राहते.

खरी अडचण आहे ती वेळ साधण्याची. आधार लवकर विरघळला तर हाड पुन्हा मोडेल. फार टिकला तर नव्या हाडाला जागा मिळणार नाही. पूड जास्त झाली तर पदार्थ ठिसूळ होतो. त्यामुळे असे पदार्थ लहान स्क्रू, पिना, चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांच्या पट्ट्या यांत वापरले जातात; मांडीच्या हाडासारख्या मोठा भार पेलणाऱ्या हाडांना अजून धातूचाच आधार लागतो.

आता एक गणित. वरच्या उदाहरणात पोलादाऐवजी 5 गिगापास्कल गुणांकाची संमिश्र पट्टी घेतली, तर हाडाच्या वाट्याला किती भार येईल? आणि पट्टी विरघळू लागली की तो वाटा कसा बदलेल? स्वतः करून पाहा.