दुर्बिणीची तपासणी : घाबरण्याआधी समजून घेऊ या

आपल्या घरांत पोटाचे दुखणे बहुतेक वेळा ‘गॅस’ आणि ‘पित्त’ या दोन शब्दांतच संपते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणायची, ओवा चघळायचा, थंड दूध प्यायचे आणि कामाला लागायचे. असे महिने जातात. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, ‘दुर्बीण टाकून बघू.’ घरात एकदम शांतता पसरते. घशातून पाइप घालतात म्हणे, जीव गुदमरतो म्हणे! तपासणी आधी ईदनंतर, मग मुलांच्या परीक्षांनंतर, मग घरातल्या लग्नानंतर अशी पुढे ढकलली जाते. ढकलण्यात स्त्रियाच आघाडीवर असतात, हे आम्ही शाळेत भेटणाऱ्या मातांकडून आणि सहकारी शिक्षिकांकडून नेहमी ऐकतो. म्हणून गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजेच लोक जिला एंडोस्कोपी किंवा नुसते ‘स्कोपी’ म्हणतात, त्या तपासणीत काय होते ते येथे क्रमाने सांगत आहोत.

ही तपासणी कोणाला लागते?

प्रत्येक जळजळीला दुर्बीण लागत नाही. पण काही लक्षणे दिसली तर थांबू नये. घास गिळताना अडकणे, कारण नसताना वजन घटणे, सतत उलट्या, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच, गोळ्या घेऊनही न भरून येणारे रक्त, किंवा पन्नाशी-साठीनंतर नव्यानेच सुरू झालेली पोटाची तक्रार ही ती लक्षणे. यांतली रक्ताची उलटी आणि काळी शौच दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगावे.)

घरातल्या दादी-नानीकडे विशेष लक्ष द्या. नमाजला बसता-उठताना गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत असतात. अशा गोळ्यांनी जठरात व्रण पडू शकतो आणि कधी कधी पोटात न दुखताही त्यातून रक्तस्राव होतो.

आणखी एक खबरदारी. छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तर ते पित्त समजू नका. आधी हृदयाची तपासणी करा.

आदल्या दिवशी

पोट रिकामे असणे ही पहिली अट. साधारण ६ ते ८ तास काहीही खायचे नाही. पाणी किती वेळ आधी बंद करायचे ते रुग्णालय सांगते. सकाळचा चहा, पान, मिश्री, तंबाखू हेही बंद. रक्तदाबाची गोळी सहसा पाण्याच्या घोटाबरोबर घेऊ देतात, पण विचारून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे काय करायचे ते आधीच विचारावे, नाहीतर उपाशीपोटी साखर उतरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत.

पित्ताच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक चालू असतील तर तेही सांगावे. त्यांच्यामुळे जठरातल्या जंतूची तपासणी चुकीने ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, दमा आहे का, गर्भ आहे का, हेही लपवू नये. नखांवर गडद नेलपॉलिश असेल तर काढून जावे, कारण बोटाला प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावतात.

खोलीत काय होते?

आमच्या सासूबाईंना घेऊन आम्ही घाटकोपरला गेलो, तेव्हा त्यांची मोठी चिंता नळीची नव्हती, पडद्याची होती. ती तेथील नर्सबाईंनी दोन मिनिटांत दूर केली. या तपासणीला सहसा कपडे काढावे लागत नाहीत. चेहरा मोकळा आणि गळ्याजवळचे कपडे सैल असले की पुरते. काही ठिकाणी वरून गाऊन देतात. स्त्री नर्स खोलीत असावी असे वाटत असेल तर नाव नोंदवतानाच सांगावे. यात संकोच कसला?

कवळी आणि चष्मा काढून ठेवतात. घशात बधिरतेचा फवारा मारतात. तो कडू लागतो आणि घसा सुजल्यासारखा वाटतो, पण ते काही वेळापुरतेच. काही जणांना शिरेतून गुंगीचे औषध देतात. गुंगी हवी की नुसता फवारा पुरेल, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. मग डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात आणि तिच्यातून करंगळीएवढी जाड, लवचिक नळी आत सरकवतात. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो.

जीव गुदमरेल ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. पण श्वासाची वाट वेगळी आणि अन्नाची वाट वेगळी. नळी अन्नाच्या वाटेने जाते, श्वास चालूच राहतो. नळी घशातून उतरताना उबळ येते, डोळ्यांत पाणी येते. तेवढा क्षण नाकाने सावकाश श्वास घ्यावा, लाळ गिळू नये, बाहेर येऊ द्यावी. आत थोडी हवा भरतात म्हणून पोट फुगल्यासारखे वाटते, ढेकर येतो. हे सारे साधारण ५ ते १० मिनिटांत आटोपते. गरज वाटली तर आतल्या अस्तराचा कणभर तुकडा घेतात. तो घेताना दुखत नाही. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरच आहे, असे मुळीच नाही.

या नळीचा इतिहासही धीर देणारा आहे. काचेच्या तंतूंमधून चित्र वाहून नेण्याचे संशोधन पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये १९५४ साली प्रसिद्ध केले. त्याच्या आधारे अमेरिकेत डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण तयार केली आणि १९५७ मध्ये रुग्णाच्या आधी स्वतःच्याच घशातून ती उतरवून पाहिली.

तपासणीनंतर

घशाची बधिरता जाईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक तास, काही खाऊ-पिऊ नये, नाहीतर ठसका लागतो. मग आधी पाण्याचा घोट. गरम चहा नंतर. घसा एक-दोन दिवस खवखवतो. गुंगीचे औषध दिले असेल तर सोबत कोणीतरी हवेच. त्या दिवशी एकट्याने लोकल किंवा मेट्रो पकडू नये, गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

गंभीर त्रास क्वचितच, हजारात एकापेक्षाही कमी जणांना होतो. तरी पोटात किंवा छातीत तीव्र वेदना, ताप, श्वासाला त्रास, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर ताबडतोब रुग्णालयात परतावे.

अहवालात ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका. जठराच्या व्रणामागे बऱ्याचदा हा जंतू असतो, हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. त्यावर औषधांचा कोर्स असतो, बहुधा १४ दिवसांचा. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये. जंतू गेला की नाही याची फेरतपासणी कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी करतात.

रमजान आणि खर्च

रोजात ही तपासणी चालते का, असे अनेक जण विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दाहच्या अधिवेशनात असे मत दिले की, सोबत द्रव किंवा दुसरे काही आत गेले नाही तर जठरात दुर्बीण घातल्याने रोजा तुटत नाही. प्रत्यक्षात फवारा मारतात, कधी आत पाणीही सोडतात. म्हणून आपल्या आलिमांना विचारावे. तातडी नसेल तर रमजाननंतरची तारीख घ्यावी. तातडी असेल तर मात्र थांबू नये. आजाऱ्याला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहेच.

खाजगी केंद्रांचे दर वेगवेगळे असतात. तुकडा घेणे, गुंगी आणि लॅब यांचे पैसे धरून एकूण किती, हे आधीच विचारावे. पालिकेच्या कूपर किंवा राजावाडी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करता येते. केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

भगिनींनो, आपण घरातल्या प्रत्येकाचे औषधपाणी वेळेवर बघता. आज जरा स्वतःकडे आणि घरातल्या थोरल्यांकडे बघा. कोणाच्या उशाशी पित्ताच्या गोळ्यांची पाकिटे साठली आहेत का? असतील तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.