गुलाबाचे कलम

‘गुलाब’ हा शब्द तुम्हांला मुळीच परका नाही. तो मूळचा फारसी शब्द. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फुलांचे सुगंधी पाणी. आपल्याकडे मात्र ते नाव फुलालाच मिळाले. गुलकंद, गुलदस्ता, बाग, कलम हे शब्दही उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. यांपैकी ‘कलम’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. या पाठात तो पुन्हा येणार आहे.

नर्सरीत गेलो की आपल्याला बहुधा गुलाबाचे तेच ते आठ-दहा वाण दिसतात. पण जगात गुलाबाचे हजारो वाण आहेत. काही वाण मोठ्या कंपन्यांनी तयार केले, तर काही एखाद्या हौशी माणसाने आपल्या घरच्या बागेत तयार केले. अशा माणसाला पैदासकार म्हणतात. घरच्या पैदासकाराकडे रोपे थोडी असतात. ती मोजक्या लोकांकडे जातात. म्हणून त्याचे गुलाब दुर्मीळ असतात.

आपल्या देशात असे पैदासकार होऊन गेले आहेत. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे थोर शास्त्रज्ञ होते. तांबेरा रोगाला दाद न देणारे गहू त्यांनी तयार केले. 1965 मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. पण त्यांचा जीव गुलाबातही रमत असे. ‘रोज शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे गुलाब.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतील कोडाईकनालचे. श्री. एम. एस. वीरराघवन हे आय. ए. एस. अधिकारी होते. त्यांनी मुदतीपूर्वी नोकरी सोडली आणि पत्नी गिरिजाबाईंसह कोडाईकनालला गुलाबांसाठी वाहून घेतले. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. बाजारातील बहुतेक गुलाब थंड देशांत, तेथील हवेसाठी तयार झालेले असतात. आपल्या उन्हाळ्यात ते कोमेजतात. मग आपल्या हवेत आनंदाने वाढणारा गुलाब का करू नये?

त्यासाठी त्यांनी भारतातील रानगुलाब निवडले. एक ‘रोझा जायगँटिया’. हा मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत झाडांवर उंच चढत जातो. सर जॉर्ज वॅट यांना तो 1882 मध्ये मणिपुरात आढळला होता. दुसरा ‘रोझा क्लिनोफायला’. हा बंगाल-बिहारच्या सखल भागात नदीकाठी वाढतो आणि पुराचे पाणीही सोसतो. या रानगुलाबांचा बागेतल्या गुलाबांशी संकर करून वीरराघवन पती-पत्नींनी अनेक नवे वाण तयार केले. त्यांच्या एका पिवळसर गुलाबाला त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचे नाव दिले.

नवा गुलाब तयार कसा होतो? ज्या फुलावर फळ धरायचे, त्याच्या पाकळ्या आणि पुंकेसर ते फूल पुरते उमलण्याआधीच काढून टाकतात. मग दुसऱ्या वाणाचे पराग ब्रशने त्याच्या कुक्षीवर लावतात. फुलावर पिशवी बांधतात आणि चिठ्ठीवर आई-बापांची नावे लिहितात. काही महिन्यांनी फळ पिकते. त्यातील बिया पेरतात. गंमत अशी, की एकाच फळातील बियांपासून आलेली रोपेही एकसारखी नसतात. सख्ख्या भावंडांचे चेहरे वेगळे असतात, तसेच हे. शेकडो रोपांतून एखादेच रोप मनासारखे निघते. त्याची पारख करण्यात आणखी कित्येक वर्षे जातात.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या मनासारख्या गुलाबाची बी पेरली, तर तोच गुलाब उगवत नाही, वेगळाच उगवतो. तोच गुलाब हवा असेल, तर त्याच्या काडीपासून किंवा डोळ्यापासूनच नवे रोप करावे लागते. यालाच कलम करणे म्हणतात. म्हणजे एका वाणाची जगातील सगळी रोपे ही एकाच पहिल्या रोपाचे तुकडे असतात. शेवटचे रोप मेले, की तो वाण संपला. कितीही पैसे मोजले, तरी तो परत येत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते. पण मला ते समजले माझ्याच चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका स्नेह्यांनी मला एक रोप दिले. ते त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी घरी तयार केलेल्या गुलाबाचे होते. ते गृहस्थ पुढे वारले आणि त्यांची बागही गेली. आमच्या जळगावच्या कडक उन्हातही त्या रोपाला जर्दाळूच्या रंगाची सुंदर फुले येत. तिसऱ्या वर्षी बुंध्यापासून जोमदार फांद्या फुटल्या. मी खूश झालो आणि त्यांना भरपूर खत-पाणी घातले. हिवाळ्यात त्या फांद्यांना लहान, फिकट फुले आली. जुनी फांदी वाळून गेली होती. ओळखीच्या माळीचाचांना मी ते झाड दाखवले. ते म्हणाले, “मास्तर, तुमचा गुलाब गेला. आता हा नुसता खुंट उरलाय.”

खुंट म्हणजे काय? नर्सरीत काटक गुलाबाचे रोप वाढवतात आणि त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा भरतात. मुळे असतात खुंटाची आणि फुले येतात डोळ्याची. डोळ्याच्या खालून फुटलेली फांदी खुंटाची असते. ती वेळीच मुळापासून काढली नाही, तर ती सगळा रस ओढून घेते.

मी स्नेह्यांना कळवले. त्यांचेही रोप मेले होते. आम्ही दोघेही हळहळलो. एवढ्यात शेजारच्या खाला म्हणाल्या, “अहो मास्तर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही छाटलेली काडी मी मागून नेली होती. ती लागली आहे. येऊन पाहा ना.” त्यांच्या अंगणात, तेलाच्या जुन्या डब्यात तोच गुलाब फुलला होता! माझे डोळे भरून आले. खालांनी त्याच झाडाच्या दोन काड्या मला दिल्या. पण एक हानी भरून निघाली नाही. त्या गुलाबाचे नाव कोणालाच आठवेना. रोपाबरोबर आलेली चिठ्ठी मी हरवली होती.

मुलांनो, काडीपासून गुलाब लावणे अवघड नाही. पावसाळ्यात किंवा थंडीत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या. खालची पाने काढा. वाळू-मातीच्या मिश्रणात ती निम्मी रोवा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नको. सुमारे दीड महिन्यात मुळे फुटतात. रोप जोमदार झाले, की रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी लावा. खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत घाला. पाणी बुंध्याशी द्या. पाने भिजली की त्यांवर काळे ठिपके पडतात. ऑक्टोबरमध्ये छाटणी करा, म्हणजे सुमारे दीड महिन्यात फुले येतील. उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा पसरा. आणि एक रोप दुसऱ्याला द्या. विक्रीसाठी रोपे करायची असतील, तर मात्र पैदासकाराची परवानगी घ्या.

उर्दूत ‘कलम’ म्हणजे लेखणी आणि झाडाची रोवलेली काडीसुद्धा. मराठीतही या शब्दाचे हे दोन्ही अर्थ आहेत. एका कलमाने गुलाब वाचतो, दुसऱ्या कलमाने त्याचे नाव वाचते. मी एक कलम वापरले आणि दुसरे विसरलो. तुम्ही दोन्ही वापरा.

शब्दार्थ
दुर्मीळ – क्वचित मिळणारे
वाण – जात, प्रकार
काटक – कष्ट सोसणारे
खुंट – ज्यावर कलम करतात ते रोप
डोळा – फांदीवरील कोंब
हळहळणे – वाईट वाटणे

स्वाध्याय
1. घरच्या पैदासकाराचे गुलाब दुर्मीळ का असतात?
2. बी पेरून तोच गुलाब का मिळत नाही?
3. लेखकाचा गुलाब कसा गेला आणि कसा परत मिळाला?
4. ‘कलम’सारखे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.