सांता क्रोचे : उशिरा सुचलेला सन्मान

फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे हे चर्च इटलीच्या कीर्तिवंतांचे समाधिस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र तेथील स्मारकांच्या तारखा पाहिल्या, की या शहराला आपल्या माणसांची थोरवी किती उशिरा पटली, हे कळते.

1294च्या सुमारास फ्रान्सिस्कन साधूंसाठी हे चर्च बांधायला सुरुवात झाली. आराखडा आर्नोल्फो दी काम्बिओ याचा मानतात. उघडे लाकडी छत, अष्टकोनी खांब आणि प्रशस्त मध्यभाग. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या पंथाला शोभणारा साधेपणा येथे आहे. वेदीलगतची दालने मात्र बार्दी, पेरुझ्झी अशा सावकार घराण्यांची. त्यांच्या भिंती जोत्तोने रंगवल्या.

मायकेलअँजेलो 1564मध्ये रोममध्ये वारला. त्याचा देह येथे आणला गेला आणि वासारीने त्याच्या समाधीचा आराखडा केला. गॅलिलिओच्या वाट्याला असे भाग्य नव्हते. धर्मन्यायालयाने दोषी ठरवलेल्या या माणसासाठी भव्य समाधी उभारण्यास पोपचा विरोध होता. म्हणून 1642मध्ये त्याला एका आडबाजूच्या लहान खोलीत पुरले गेले. मुख्य सभागृहात, मायकेलअँजेलोच्या समोर, त्याला जागा मिळाली ती 1737मध्ये, म्हणजे 95 वर्षांनी. मॅकियाव्हेलीचे स्मारक तर त्याच्या मृत्यूनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, 1787मध्ये उभे राहिले.

दान्तेची कथा याहून बोलकी आहे. 1302मध्ये फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले. 1321मध्ये तो रावेन्नात वारला. पुढे फ्लॉरेन्सने त्याच्या अस्थी मागितल्या. 1519मध्ये पोपची अनुमती मिळाली, तेव्हा रावेन्नाच्या साधूंनी त्या लपवून ठेवल्या. सांता क्रोचेत 1829मध्ये उभारलेली दान्तेची समाधी आजही रिकामी आहे.

या गौरवाची किंमत चित्रांनीही मोजली. अठराव्या शतकात जोत्तोच्या भिंतींवर चुना फासला गेला आणि पुढे त्यांना टेकून थडगी बसवली गेली. एकोणिसाव्या शतकात चित्रे पुन्हा उघडी झाली. पण जेथे थडगी टेकली होती, तेथे संत फ्रान्सिसच्या चरित्रचित्रांत मोकळी भगदाडे उरली. ती आजही दिसतात.

1863मध्ये पूर्ण झालेला संगमरवरी दर्शनी भाग निकोलो मातास या ज्यू वास्तुविशारदाचा आहे. त्यावर निळा षट्कोनी तारा झळकतो. मातासची कबर मात्र आतल्या थोरांच्या पंक्तीत नाही. ती बाहेर, प्रवेशद्वाराच्या उंबऱ्याशी आहे.