मूल बरे दिसते, म्हणून उपचार सोडू नका



भाईंदर पूर्वेच्या एका वस्तीतल्या चार वर्षांच्या मुलीला तीन आठवडे ताप येत-जात होता. औषध बदलले की दोन दिवस बरे वाटे, पुन्हा अंग तापे. पाय दुखतात म्हणून ती आईच्या कडेवरून उतरेना. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठले. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी अंगारा आणून दिला. आम्ही आईला एवढेच सांगितले, ‘आजच्या आज सीबीसी करून घ्या.’ तो रिपोर्ट घेऊन कुटुंब परळला टाटा रुग्णालयात गेले. निदान झाले, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कर्करोग.

लहान मुलांत सर्वात जास्त आढळणारा कर्करोग हाच. रक्त हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत तयार होते. तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी झाल्या की मूल फिकट पडते, दमते. प्लेटलेट कमी झाल्या की डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. रोगाशी लढणाऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही. काहींच्या मानेत, काखेत गाठी येतात, पोट फुगते, हाडे दुखतात. अशी लक्षणे एकत्र दिसली तर थांबू नका.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईच्या चुकीमुळे होत नाही, मागच्या जन्मीच्या कर्मामुळे तर नाहीच नाही. मुलाला वेगळे टाकू नका आणि आईला बोल लावू नका.

यावर औषध आहे. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाला अडवणारे औषध देऊन काही मुलांचा आजार काही काळ हटवून दाखवला. ते औषध ज्या कंपनीतून आले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या देशात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही मुलांना दिले जाते. उपचार पूर्ण झाले तर आज यातली बहुतेक मुले बरी होतात.

अडचण ‘पूर्ण’ या शब्दात आहे. उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिला महिना-सव्वा महिना जोराची केमोथेरपी आणि स्टेरॉइड. मेंदूत आजार लपू नये म्हणून पाठीच्या कण्यातून औषध. मग आणखी काही महिने केमोथेरपी, आणि शेवटचा लांब टप्पा मुख्यतः घरी गोळ्या घेण्याचा. पहिल्या टप्प्यानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत रोग दिसेनासा होतो, पण न दिसणाऱ्या पेशी उरलेल्याच असतात. औषध सोडले की त्या पुन्हा वाढतात, आणि उलटलेला आजार बरा करणे फार कठीण असते.

आमच्या या मुलीचे केस पुन्हा आले, ती गल्लीत खेळू लागली, तेव्हा नाक्यावर काम करणारे तिचे वडील म्हणाले, ‘ताई, पोरगी बरी झाली की. आता आणखी किती खाडे करू?’ त्यांचे चुकत नव्हते. घरात धाकटा मुलगा, डोक्यावर भाडे. धर्मशाळा आणि निवासांत बाहेरगावच्या रुग्णांना आधी जागा मिळते. भाईंदरचे घर त्या हिशेबाने जवळचे, पण आजारी लेकरू घेऊन लोकलच्या गर्दीत रोज जायला लांबचे. अशा वेळी उपदेशाने काम होत नाही, हात द्यावा लागतो.

घरच्यांनी एवढे पाळावे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करून निघावे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नये, काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच असतात. चुकून रोज दिल्या तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर त्या वारावर खूण करावी. पाणी उकळून, अन्न ताजे शिजवलेले. शेजारी कांजिण्या आल्या तर डॉक्टरांना लगेच कळवावे. कोणतीही लस किंवा झाडपाल्याचे औषध विचारल्याशिवाय नको.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मुलाचे नाव रेशनकार्डात आहे का, ते आजच पाहा. रुग्णालयात आरोग्यमित्र आणि समाजसेवा विभाग यांना पहिल्याच दिवशी भेटा. टाटात मुलांच्या कुटुंबांसाठी मदतीची वेगळी व्यवस्था उभी राहिल्यावर मध्येच उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण बरेच घटले. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कर्करुग्णाला प्रवास करता येतो.

आता विहाराचे काम. आपण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे घेतो. पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. शिबिरासोबत वर्षभर बोलावता येतील अशा रक्तदात्यांची यादी ठेवावी. या मुलीसाठी आम्ही तेच केले. महिलांनी धाकट्या भावाला सांभाळण्याचे वार वाटून घेतले. एका रिक्षावाल्या भावाने रात्रीच्या तापासाठी आपला नंबर दिला. वडिलांचा खाडा पडेल त्या दिवशी घरी डबा गेला. मुलीचे उपचार पूर्ण झाले. ती आता शाळेत जाते, ठरलेल्या तारखांना तपासणीला जाते.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. परळच्याच बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि रमाई बरीच वर्षे राहिले. त्यांची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. तेव्हा आपल्या माणसांपाशी पैसा नव्हता, आणि कित्येक आजारांवर औषधही नव्हते. आज त्याच परळमध्ये औषध आहे. लेकराला अडीच वर्षे तिथवर नेत राहणे एकट्या आईबापाला झेपत नाही, ते आपण सगळ्यांनी मिळून करायचे आहे.

जय भीम!